गाभ्याची उसनवारी

तासगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: "पृथ्वीचा गाभा थांबला आणि आता उलटा फिरू लागला, अशी क्लिप अकरावीची मुलं मोबाइलवर घेऊन येतात. एकानं विचारलं, मग दिवस लांबणार की सूर्य पश्चिमेला उगवणार? गाभा आणि त्याच्यावरचं प्रावरण यांच्यात नेमकं काय चालतं, त्याचा पृथ्वीच्या फिरण्यावर किती परिणाम होतो? आणि आपल्या कोयनेच्या धक्क्यांशी याचं काही नातं आहे का?"

मॅडम, त्या मुलाला आधी साताऱ्याहून कराडला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसवा. शेजारच्या लेनमधून एक ट्रक त्याच दिशेनं, पण किंचित हळू चाललाय. खिडकीतून पाहिलं तर ट्रक मागं मागं जाताना दिसतो. म्हणून तो काही साताऱ्याला परत निघालेला नसतो. आंतर गाभ्याचं 'उलटं फिरणं' ते एवढंच. पृथ्वी वर्षभरात एक लाख एकतीस हजार आठशे अंशांहून जास्त फिरते. त्यात आंतर गाभा, म्हणजे अगदी मधला घट्ट गोळा, प्रावरणाच्या (गाभ्यावरच्या खडकाच्या थराच्या) मानानं वर्षाला फार तर अंशाच्या दहाव्या हिश्शाएवढा मागं पडतो असं धरा. हे प्रमाण एसटीला लावलं, तर सातारा ते कराड या पन्नास-बावन्न किलोमीटरांत ट्रक जेमतेम चार सेंटिमीटर मागं राहील. सूर्य पश्चिमेला उगवणार नाही, हे त्याला सांगून टाका.

पण प्रश्नाचा दुसरा भाग खरा आहे आणि माझ्या आवडीचाही. गाभा दिवसाच्या लांबीशी खेळतो, हे नक्की. फक्त तो खेळ क्लिपवाले दाखवतात त्या गोळ्याचा नसून त्याच्याभोवतीच्या वितळलेल्या लोखंडाचा आहे.

आधी घराचा नकाशा. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. वरून सुमारे २८९० किलोमीटर खाली गेलं की खडकाचं प्रावरण संपतं आणि वितळलेल्या लोखंड-निकेलचा बाह्य गाभा सुरू होतो. त्याच्या पोटात साधारण १२२० किलोमीटर त्रिज्येचा घट्ट आंतर गाभा. हा शोध लावणाऱ्यांत रिचर्ड ओल्डहॅमचं नाव मी वर्गात आवर्जून घ्यायचो, कारण तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला माणूस. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून त्यानं भूकंपाच्या लहरींचे प्रकार वेगळे काढले आणि १९०६ मध्ये गाभा असल्याचं दाखवलं. आंतर गाभा १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी शोधला. प्रावरण आणि गाभा यांच्या सीमेवर घनता घनसेंटिमीटरला ५.६ ग्रॅमवरून एकदम ९.९ वर जाते. हवा आणि आपला काळा पाषाण यांच्यातला फरकसुद्धा याच्यापेक्षा कमी आहे. म्हणजे पृथ्वीतली सगळ्यात ठळक हद्द आपल्या पायाखाली नाही, ती २८९० किलोमीटर खाली आहे, आणि सगळी देवाणघेवाण त्या हद्दीवर चालते.

ही देवाणघेवाण कशाची? कोनीय संवेगाची, म्हणजे फिरण्यात साठलेल्या जोराची. बाहेरून कुणी पीळ दिला नाही तर पृथ्वीचा एकूण कोनीय संवेग बदलत नाही. बाहेरून पीळ देणारा मुख्य गडी चंद्र. भरती-ओहोटीच्या घर्षणातून तो हप्ता कापून नेतो, त्यापायी दिवस शतकाला २.३ मिलिसेकंदांनी लांबतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो. हा हप्ता काही चुकत नाही. इसवी सनपूर्व १३६ मध्ये बॅबिलोनमध्ये दिसलेलं खग्रास सूर्यग्रहण आजच्या वेगानं मागं मोजत गेलं तर बॅबिलोनवर पडतच नाही. मधल्या काळात पृथ्वीचं घड्याळ सव्वातीन तासांनी मागं पडलंय, हे धरलं तरच जुळतं. प्रत्यक्षात जुन्या ग्रहणांवरून निघणारा आकडा शतकाला १.८ मिलिसेकंदांच्या आसपास येतो, कारण हिमयुगातलं बर्फ गेल्यावर ध्रुवांकडची जमीन वर येत राहिली, पृथ्वी जराशी गोल झाली आणि थोडी परतफेड झाली.

चंद्राचा हप्ता सोडला तर बाकी सगळं घरातल्या घरात. वारा, समुद्र, प्रावरण, गाभा ही एकाच घरातली माणसं. एकानं उसनं घेतलं की दुसऱ्याचं तेवढं कमी होतं. आपलं घड्याळ प्रावरणाला आणि त्याच्यावरच्या कवचाला बांधलेलं आहे. म्हणून गाभ्यानं आपला वेग थोडा कमी करून तो संवेग प्रावरणाला दिला की आपला दिवस लहान होतो, आणि गाभ्यानं परत मागून घेतला की मोठा.

ही उसनवारी मला पुस्तकातून कळली नाही, चुकीतून कळली. कोयना-वारणा भागातल्या भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. आमच्या धंद्यात घड्याळ हेच सगळं. भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी पी लहर घट्ट खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते, म्हणजे घड्याळ एका सेकंदानं चुकलं की भूकंप दुसऱ्या गावात जाऊन बसतो. २००६ च्या १ जानेवारीला पहाटे साडेपाचला जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद टाकला गेला (तो टाकतात जागतिक वेळेच्या मध्यरात्री, आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात). आमच्या एका यंत्रानं तो घेतला, दुसऱ्यानं घेतला नाही. पुढचे काही दिवस पाटण तालुक्यातले धक्के नकाशावर घाट उतरून कोकणात जाऊ लागले. कारण सापडेपर्यंत आम्ही खडकाला दोष देत होतो. तेव्हा साहेबांनी विचारलं, हा सेकंद येतो कुठून? आणि मी वाचायला बसलो.

इथं मुलांचा एक हमखास गोंधळ होतो, तो आधीच मोडा. जादा सेकंद टाकला म्हणजे पृथ्वी एका सेकंदानं मंदावली असं नाही. अणुघड्याळाचा सेकंद ज्या दिवसावरून बेतलेला आहे तो साधारण १८२० च्या सुमाराचा दिवस. १९७० च्या दशकात दिवस त्याहून जवळजवळ ३ मिलिसेकंदांनी लांब होता. रोज ३ मिलिसेकंद साठत गेले की वर्षभरात एक सेकंद होतोच. म्हणून १९७२ पासून १९९८ च्या अखेरीपर्यंत २२ जादा सेकंद टाकावे लागले. पुढच्या अठरा वर्षांत फक्त पाच. शेवटचा २०१६ च्या अखेरीला, म्हणजे आपल्या १ जानेवारी २०१७ च्या पहाटे. त्यानंतर एकही नाही. ५ जुलै २०२४ चा दिवस तर ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला.

चंद्र रोज हप्ता घेतोय, तरी पृथ्वी गेल्या पन्नास वर्षांत वेग वाढवते आहे. पैसे कुठून आले?

वाऱ्याकडून म्हणाल, तर वारा एवढा श्रीमंत नाही. ऋतूंप्रमाणे वाऱ्यांची दिशा-गती बदलते, त्यानं दिवस वर्षभरात एखाद्या मिलिसेकंदानं कमी-जास्त होतो. १९८२-८३ च्या मोठ्या एल निनोत दिवस लांबल्याचं स्पष्ट मोजलं गेलं. पण हे वर्ष-दोन वर्षांचे हिशेब. १८७० च्या सुमारास दिवस प्रमाणापेक्षा सुमारे ३ मिलिसेकंदांनी लहान होता आणि १९१० च्या आसपास ३-४ मिलिसेकंदांनी मोठा. एवढी रक्कम दशकानुदशकं दाबून ठेवायची तर वाऱ्याला आपली सगळी रीतच बदलावी लागेल. तशी ऐपत एकाच घटकाची आहे, द्रवरूप गाभ्याची. पृथ्वीच्या एकूण जडत्व आघूर्णापैकी (फिरणं बदलायला वस्तू किती जड जाते, त्याचं हे माप) अकरा टक्क्यांच्या आसपास वाटा त्याचा.

हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या, मजा येते. दिवस १ मिलिसेकंदानं लहान व्हायचा तर प्रावरणाचा वेग १०० कोटी भागांत साधारण १२ भाग वाढायला हवा. प्रावरणाचं जडत्व गाभ्याच्या पावणेआठ पट धरलं, तर गाभ्याचा वेग त्याच्या पावणेआठ पट कमी व्हायला हवा. गाभ्याच्या विषुववृत्तावर हा फरक तासाला आठ सेंटिमीटर, वर्षाला पाऊण किलोमीटर येतो. गोगलगायसुद्धा याहून कितीतरी जोरात चालते. गाभ्यातलं लोखंड एरवी वर्षाला दहा-वीस किलोमीटरांच्या वेगानं वाहतच असतं, त्यातला एवढासा फेर पुरतो.

पण २८९० किलोमीटर खालचा प्रवाह मोजला कुणी? सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहिलात तर कृष्णेचा प्रवाह कसा कळतो? जलपर्णीचे पुंजके वाहताना दिसतात, त्यावरून. गाभ्यात पुंजक्यांचं काम चुंबकीय क्षेत्र करतं. लोखंड एवढं उत्तम वाहक आहे की काही दशकांच्या हिशेबात चुंबकीय रेषा त्यात रुतल्यासारख्या असतात आणि प्रवाहाबरोबर वाहतात. पृष्ठभागावर वर्षानुवर्षं चुंबकीय नोंदी ठेवल्या की क्षेत्राचे ठिपके पश्चिमेकडं सरकताना दिसतात. एडमंड हॅलीनं हे सरकणं सतराव्या शतकातच ओळखून आत वेगळा फिरणारा भाग असावा, असं मांडलं होतं. अशा नोंदींची आपल्याकडं जुनी परंपरा आहे: कुलाब्याला १८४१ पासून, आणि मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून १९०४ पासून अलिबागला. ट्रामच्या विजेनं सुई थरथरू नये म्हणून अख्खी वेधशाळा हलवली. असली दूरदृष्टी सरकारी खात्यात क्वचितच दिसते.

अशा जगभरच्या नोंदींतून प्रवाह काढून झोल्ट, जीर आणि ल म्वेल या फ्रेंच मंडळींनी १९८८ मध्ये गाभ्याच्या संवेगाचा हिशेब मांडला. तो दिवसाच्या लांबीच्या चढउतारांशी जुळला. प्रावरणाच्या वहीत जेवढं जमा, तेवढंच गाभ्याच्या वहीत खर्च. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात सुंदर पुरावा आहे, कारण एक वही ताऱ्यांवरून आणि अणुघड्याळावरून लिहिलेली, दुसरी होकायंत्रावरून. दोघींचा एकमेकींशी संबंधच नव्हता.

आता खरी गाठ. उसनवारी होते हे कळलं, पण हातातून हातात जाते कशी? बाह्य गाभ्याचं लोखंड जवळजवळ पाण्याइतकंच पातळ आहे. गुऱ्हाळातल्या काहिलीत काकवी असती तर काहील फिरवल्यावर तीही ओढली गेली असती. पाणी ओढलं जात नाही, भांडं त्याच्या कडेकडेनं निसटतं. त्यामुळं नुसत्या चिकटपणानं एवढा पीळ बसत नाही, हे जवळपास सगळे मान्य करतात. पुढचे तीन उमेदवार मात्र दमदार आहेत.

पहिला, सीमेवरचे उंचवटे. दुधाच्या टँकरच्या ड्रायव्हरला हे उत्तम कळतं. अर्धा भरलेला टँकर खंबाटकीच्या उतारावर ब्रेक लावल्यावर दूध पुढं हिसका मारतं. म्हणून टाकीत आडव्या भोकाच्या पत्र्या बसवतात, म्हणजे दूध आणि टाकी एकमेकांना धरून राहतात. प्रावरणाच्या तळाला असे उंचवटे-खळगे असतील तर वाहतं लोखंड त्यांच्यावर दाब देऊन पीळ देईल, असं रेमंड हाइडनं १९६९ मध्ये सुचवलं. उंचवटे किती उंच आहेत यावर भूकंपतज्ज्ञांची अजून वादावादी चालते.

दुसरा, चुंबकीय ब्रेक. हा आपल्या सगळ्यांच्या घरात होता. विजेच्या जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची, आठवतं? तिच्या कडेला एक कायमचा चुंबक असायचा. चकती चुंबकाच्या क्षेत्रातून फिरली की तिच्यात भोवरी प्रवाह उठतात आणि ते तिला मागं ओढतात. स्पर्श नाही, तरी ब्रेक. गाभ्यातून येणाऱ्या चुंबकीय रेषा प्रावरणाच्या तळात शिरतात. तो तळ थोडाफार वीजवाहक असेल तर तीच गोष्ट तिथं होते. हिशेब जुळायला त्या तळाच्या थराचा एकूण कंडक्टन्स (वीज वाहू देण्याची ताकद) दहा कोटी सिमेन्सच्या घरात लागतो. खडकात लोखंड मिसळलेला पातळसा थर असला तरी तेवढा मिळू शकतो. त्या भागाला आमच्यात 'डी डबल प्राइम' म्हणतात. तिथं आफ्रिकेच्या आणि पॅसिफिकच्या खाली दोन अवाढव्य गरम ढिगारे आहेत, आणि काही ठिकाणी लहरींचा वेग फारच कमी होणारे पातळ चट्टे. म्हणजे सीमेचा वीजवाहकपणा सगळीकडं सारखा असेल असं धरून चालत नाही.

तिसरा, गुरुत्वाकर्षण. प्रावरणातले हे ढिगारे सगळीकडं सारखे नाहीत, त्यामुळं आंतर गाभ्याचा गोळाही किंचित वेडावाकडा बसलेला असतो, उंचवटा ढिगाऱ्यांच्या ओढीप्रमाणे. गोळ्याला कुणी ढकललं तर प्रावरण त्याला जागेवर खेचतं. जात्याची वरची तळी खुंट्याशी धरलेली असते तशी ही पकड, पण लवचीक. आंतर गाभा मागं-पुढं डुलतो तो याच पकडीमुळं, असं ब्रूस बफेटसारख्यांचं म्हणणं.

तिघांपैकी मुख्य कोण? माझा कल चुंबकीय ब्रेककडं आहे. पृथ्वीच्या अक्षाचं डुलणं मोजणारे लोक वेगळ्याच वाटेनं जाऊन तसल्याच वाहक थराशी पोहोचले, हे त्याचं मोठं कारण. क्वेसारांचे, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांचे, रेडिओ संकेत दोन-तीन खंडांवरच्या अँटेनांवर एकत्र ऐकून अक्षाची दिशा अतिशय बारीक मोजता येते. चंद्र-सूर्याच्या ओढीनं प्रावरणाचा अक्ष डुलतो, पण आतला द्रव गाभा लगेच सोबत येत नाही. दोघांच्या अक्षांत फट पडली की गाभ्याच्या चपट्या सीमेवर द्रवाचा दाब पडून तो त्यांना जुळवायला बघतो. या झोक्याचा काळ सुमारे ४३० दिवसांचा. १९८६ मध्ये ग्विन, हेरिंग आणि शपिरो यांनी दाखवलं की झोका अपेक्षेपेक्षा वेगळा येतोय, म्हणजे सीमा मानली होती त्याहून काहीशे मीटर जास्त चपटी असली पाहिजे. आकाशातल्या क्वेसारांकडं बघून २८९० किलोमीटर खालच्या भिंतीचा फुगवटा मोजला. निवृत्तीनंतरसुद्धा मला हे आठवलं की बरं वाटतं.

मग क्लिपमधला गोळा? १९९६ मध्ये साँग आणि रिचर्ड्स यांनी आंतर गाभा प्रावरणापेक्षा वर्षाला साधारण एक अंश पुढं जातो, असं मांडलं. पुढं तो आकडा घसरत गेला. पद्धत सरळ आहे. एकाच जागी, एकाच जोराचे 'जुळे' भूकंप काही वर्षांच्या अंतरानं होतात. त्यांच्या लहरी आंतर गाभ्यातून जाऊन पलीकडं उमटतात. वाट तीच, तरी नोंद बदललेली दिसली तर वाटेत काहीतरी हललंय. २०२३ मध्ये यांग आणि साँग यांनी गोळा २००९ च्या सुमारास थबकल्याचं सांगितलं, आणि त्यावरून क्लिपांचा पूर आला. २०२४ मध्ये वाँग, व्हिडाल आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अटलांटिकातल्या साउथ सँडविच बेटांजवळच्या १२१ भूकंपांवरून दाखवलं की गोळा आधीच्याच वाटेनं हळूहळू मागं येतोय.

त्याचा दिवसावर परिणाम? पृथ्वीच्या जडत्वात आंतर गाभ्याचा वाटा हजारात एकाहूनही कमी. वर्षाला एक दशांश अंशाचा फरक सगळाच्या सगळा प्रावरणाला दिला तरी दिवस मिलिसेकंदाच्या विसाव्या हिश्शानं बदलेल. दिवसाच्या लांबीत सुमारे सहा वर्षांचा एक बारीक झोका दिसतो, मिलिसेकंदाच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढा. तो गाभ्यातल्या चुंबकीय लाटांचा की गोळ्याच्या डुलण्याचा, यावर भांडणं आहेत. दशकांचे मोठे फेर मात्र द्रव गाभ्याचेच.

याचं व्यवहारातलं टोक म्हणजे उणा सेकंद. डंकन ॲग्न्यू यांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला की द्रव गाभा मंदावतोय, प्रावरण वेग घेतंय, आणि असंच चाललं तर २०२९ च्या सुमारास जगाच्या घड्याळातून एक सेकंद काढावा लागेल. ग्रीनलंड-अंटार्क्टिकाचं बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडं पसरतंय म्हणून ही वेळ २०२६ वरून पुढं गेली. काढलेला सेकंद आजवर कुठल्याच संगणकानं पाहिलेला नाही. माझा २००६ चा अनुभव बघता मला त्याची धास्तीच वाटते. २०३५ पर्यंत ही सेकंदाची कटकट बंद करायचं २०२२ मध्ये ठरलंय, ते बरंच.

राहिला कोयनेचा प्रश्न. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांचा ६.३ चा धक्का ज्यांनी अनुभवला, त्यांच्या घरात 'पृथ्वीच्या पोटातलं काहीतरी' हा शब्द अजून आहे. पण कोयनेचे भूकंप होतात बहुतेक दहा किलोमीटरांच्या आत. गाभा त्याच्या जवळजवळ तीनशेपट खोल. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी चढलं-उतरलं की भेगांतला दाब बदलतो. १९८५ पासून वारणेत पाणी साठू लागलं आणि १९९३ पासून तिकडंही धक्के वाढले. कारण शोधायला खाली एवढं लांब जायची गरज नाही. बिलहॅम आणि बेंडिक यांनी २०१७ मध्ये पृथ्वी मंदावल्यावर चार-पाच वर्षांनी जगात मोठे भूकंप वाढतात असं सुचवलं. मोजके चढउतार आणि थोडे भूकंप घेऊन काढलेलं ते नातं मला पटलेलं नाही. आणि धरण भरल्यानं दिवस लांबतो का, असंही कुणीतरी विचारेलच. चीनच्या थ्री गॉर्जेसनं दिवस ०.०६ मायक्रोसेकंदानं लांबेल असा हिशेब आहे. आपली कोयना साठ्यानं त्याच्या तेराव्या हिश्शाची. मुलांना पुढचा भागाकार करू दे.

वर्गात दाखवायला चुंबकीय ब्रेक सगळ्यात सोपा. भंगारवाल्याकडून चकतीचा जुना मीटर आणा, चकती तिच्या आसासकट बाहेर काढा, बोटानं फिरवा आणि जुन्या स्पीकरचा चुंबक कडेजवळ न टेकवता धरा. नंतर चुंबक चकतीच्या कडेनं फिरवला तर थांबलेली चकतीही मागून निघते, आणि देणं-घेणं दोन्ही दिशांनी चालतं हे मुलांना हातानं कळतं. तासगावात मीटर मिळाला नाही तर कळवा. कराडला माझ्या माळ्यावर एक पडलाय.